स्वतःची चाल करायची तर दुसऱ्यांचं ऐकणं बंद करावं का?

अर्धी_ओळ
मंडळी नमस्कार, बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी इचलकरंजीचा, नोकरी कोल्हापुरात, रोज एसटीनं येऊन जाऊन दोन तास. रात्री लॅपटॉपवर एफएल स्टुडिओ (गाणी बनवायचं सॉफ्टवेअर) आणि त्याला जोडलेला एक छोटा मिडी कीबोर्ड, चार वर्षं झाली, कवितांना चाली लावतो. शिक्षण म्हणाल तर शाळेत असताना पेटीच्या दोन परीक्षा, बास. मागच्या महिन्यात मित्राच्या शॉर्टफिल्मसाठी एक चाल केली, अंतरा असा काही उतरला की मी स्वतःवरच फिदा, रात्री दोन वाजता आईला उठवून ऐकवणार होतो. सकाळी बहिणीला ऐकवली तर तिनं चहा गाळता गाळता पुढची ओळ गायली. माझी पुढची ओळ नाही हो, ज्या गाण्यावरनं ती आली होती त्या गाण्याची. आणि ते गाणं मी त्या दोन आठवड्यात तीसेक वेळा तरी ऐकलं असेल, एसटीत, ऑफिसात, झोपताना, तरी चाल करताना एकदाही डोक्यात आलं नाही की हे तेच आहे.

मग चिडून पंधरा दिवस गाणी पूर्ण बंद केली. ॲप काढून टाकलं. वाटलं आता डोकं रिकामं झालं की माझं स्वतःचं काहीतरी येईल. आलं काय तर कप्पाळ. जे सुचलं ते शाळेतल्या प्रार्थनेसारखं.

तर विचारायचं हे की तुम्ही चाल किंवा ट्रॅक करत असता त्या दिवसांत काय ऐकता, किती ऐकता, की ऐकतच नाही? आणि माझ्यासारखं ऐकलेलंच बाहेर पडायचं थांबवायचं कसं?

सूरपेटी
अरे पहिल्यांदा एक, बहिणीला जप. असं तोंडावर सांगणारं माणूस मिळत नाही.

मी ख्याल शिकते, तेरा वर्षं झाली. सुरुवातीची तीनेक वर्षं आमच्या गुरुजींनी दुसऱ्या घराण्याचं ऐकायला सरळ बंदी घातली होती, तेव्हा राग यायचा, चोरून ऐकायचे. आता वाटतं त्यांचं पूर्ण चूक नव्हतं पण पूर्ण बरोबरही नव्हतं, कारण किशोरीताई आमोणकरांकडे बघ, घरात मोगूबाईंसारखी आई आणि जयपूर घराण्याची एवढी कडक शिस्त, तरी त्या भेंडीबाजार घराण्याच्या अंजनीबाई मालपेकरांकडे शिकल्या, आग्रा घराण्याच्या अन्वर हुसेन खाँसाहेबांकडेही शिकल्या, आणि शेवटी गाणं झालं ते त्यांचंच.

पण तुझा प्रश्न वाचून मला कुमारजी, म्हणजे कुमार गंधर्व, आठवले. सुळेभावीचं हे पोर सात-आठ वर्षांचं असताना ग्रामोफोनवर मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी ऐकायचं आणि जशाच्या तशा म्हणून दाखवायचं, हरकती मुरक्यांसकट, लोक थक्क व्हायचे. म्हणजे तुझ्यासारखंच, ऐकलेलं बाहेर, फक्त शंभरपट हुशारीनं. पुढे मुंबईत देवधर मास्तरांकडे शिकले, नाव झालं आणि १९४७ च्या शेवटाकडे क्षय झाला. देवासला गेले, डॉक्टरांनी गायचं बंद केलं, जवळजवळ पाच वर्षं अंथरुणावर. ज्या माणसाच्या कानातून गेलेलं लगेच गळ्यातून यायचं त्याचा गळाच बंद. आणि कानावर काय पडायचं, तर माळव्यातल्या बायकांची गाणी आणि दारावर येणाऱ्या नाथपंथी जोग्यांची निर्गुणी भजनं. १९५३ च्या सुमारास परत गायला लागले तेव्हा ते आधीचे कुमार नव्हतेच. त्या लोकधुनांमधून मालवती, लगनगंधार, सहेली तोडी असे राग उभे राहिले, १९६५ मध्ये त्यांच्या बंदिशींचं पुस्तक अनुपरागविलास आलं.

आजारपणाचं कौतुक करत नाहीये हां, फुप्फुसाचं जे झालं ते आयुष्यभर भोगलं त्यांनी. मला एवढंच दिसतं की कान तोच होता, फक्त ऐकणं आणि गाणं यांच्यामध्ये वेळ पडला. तू तीस वेळा ऐकलंस आणि त्याच आठवड्यात चाल करायला बसलास, मग दुसरं काय येणार?

मिक्सवाला_पुणे
ताईंनी कुमारजी काढले, आता मी एकदम चप्पल घालून देवळात आल्यासारखं बोलणार, सॉरी.

माझं छोटं स्टुडिओ सेटअप आहे, मिक्सिंग करतो. माझ्या मते अर्धी_ओळ तुझा प्रॉब्लेम दुसऱ्यांची गाणी हा नाहीच, तुझं स्वतःचं गाणं तू किती वेळा ऐकतोस हा आहे. माझ्याकडे येणारी नव्वद टक्के पोरं (हा आकडा माझ्या खुर्चीतून दिसणारा आहे, कोणी सर्व्हे मागू नका) चार बारचा लूप लावतात आणि तो तीन तास चालू ठेवून त्यावर चाल शोधतात. आता लूप दर सात-आठ सेकंदांनी परत पहिल्या मात्रेवर येतो, म्हंजे तुमची चालही सात सेकंदांत समेवर यायला बघते, लांब श्वासाची ओळ सुचायला जागाच नाही, आणि मग ती जागा भरायला मेंदू तयार तुकडा उचलतो, जो सगळ्यात वर पडलाय तो. तुझ्याकडे वर कोणता पडला होता ते तुझ्या बहिणीनं सांगितलंच.

आणि आवाज कमी ठेव. मोठ्यानं लावलं की सगळंच भारी वाटतं, कारण कमी आवाजात कानाला खालचे आणि अगदी वरचे सूर कमी ऐकू येतात, आवाज वाढवला की तेच भरून येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून ठेवलंय. रात्री दोनला हेडफोन फुल्ल करून स्वतःवर फिदा झालेले लोक मी रोज सकाळी बघतो, त्यात मीही असतो.

मी काय करतो सांगतो. चाल लॅपटॉपसमोर करायचीच नाही. कविता पाठ करायची, चालताना गुणगुणायची, फोनवर रेकॉर्ड करायचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत ते रेकॉर्डिंग ऐकायचं नाही. सकाळी रेकॉर्डिंग न लावता जेवढं आठवेल तेवढं पेटीवर वाजवायचं.

टिंब
सगळं छान आहे, पण मला यातलं हळवेपण पटत नाही. नकळत उचललं तरी उचललंच. बीटल्सवाल्या जॉर्ज हॅरिसनची केस माहितीये ना, त्याचं माय स्वीट लॉर्ड १९७० चं, आणि ज्याच्याशी ते जुळलं ते दुसऱ्यांचं ही'ज सो फाइन त्याच्या सात वर्षं आधीचं, १९७६ मध्ये अमेरिकेतल्या कोर्टानं मान्य केलं की त्यानं मुद्दाम केलेलं नाही, नकळत झालंय, आणि तरीही निकाल त्याच्या विरोधातच गेला. सात वर्षांचा गॅप होता तिथे! म्हणजे सूरपेटी ताई म्हणतात तो मधला वेळ काही हमी देत नाही.

त्यापेक्षा संगीतकार सलिल चौधरींचं बरं. वडील आसामात चहाच्या मळ्यावर डॉक्टर, घरात पाश्चात्त्य क्लासिकलच्या रेकॉर्डी, लहानपण त्यात गेलं. १९६१ च्या छाया सिनेमातलं तलत-लताचं गाणं घ्या, मोझार्टची चाळिसावी सिंफनी समोर ठेवून केलंय, त्यात लपवाछपवी काहीच नाही, आणि पुढे जे होतं ते सलिलदांचं आहे. आपण काय ऐकतोय हे माहीत असलेला माणूस उचलतानाही शुद्धीवर असतो. अर्धी_ओळ ऐकत नव्हता रे, एसटीत इंजिनाचा आवाज येऊ नये म्हणून कानात काहीतरी चालू होतं.

अर्धी_ओळ
@टिंब शेवटचं वाक्य जरा लागलं, पण खरंय. त्या गाण्यात तबला आहे की ढोलकी हे आत्ता विचारलंत तर मला सांगता येणार नाही.

बुवांचो_झीलकरी
उशिरा आलंय, पण ह्या विषयावर गप रवणा शक्य नाय.

मी कुडाळकडचा, वडलांपासून घरात भजन. डबलबारी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, दोन बुवा समोरासमोर, दोघांची आपापली मंडळं, पखवाज, झांज, पेटी, मागे झील धरणारे, म्हणजे बुवांच्या मागून ओळ उचलून गाणारे, आम्ही, आणि आळीपाळीनं रूपावली, अभंग, गवळण, गजर असं रात्रभर चालतं. यात चाली कुठनं येतात? सगळीकडनं. नाटकातल्या, सिनेमातल्या, उघड उघड. लोक चाल ओळखतात आणि ओळखली म्हणून खूश होतात. त्यामुळे चाल उचलली यात लाज कसली हे मला आधी कळलंच नाही, शॉर्टफिल्मचं वेगळं असेल, तिथे पैशाचा आणि नावाचा प्रश्न.

पण एक गोष्ट सांगतो. आमचे म्हातारे बुवा होते, त्यांच्या तरुणपणी वाडीत एकच रेडिओ. बिनाका गीतमाला बुधवारी रात्री, रेडिओ सिलोन लागलं तर लागलं, खरखर जास्त गाणं कमी. गाणं एकदा ऐकायचं, फार तर पुढच्या बुधवारी परत. शनिवारी बारी असली की बुवा ती चाल गजराला घ्यायचे. बुधवारचं शनिवारपर्यंत राहणार किती, मुखडा राहायचा आणि अंतऱ्याची सुरुवात. मधलं सगळं बुवा स्वतःच्या पदरचं घालायचे, आणि ते पदरचं कुठनं यायचं तर दशावतारातल्या पदांमधनं, बायकांच्या फुगड्यांमधनं, जे लहानपणापासून कानात होतं त्यातनं. मी नंतर कॅसेटवर मूळ गाणी ऐकली तेव्हा हसायलाच आलं, काही काही ठिकाणी बुवांची जास्त बरी होती (हे घरचं माणूस म्हणून बोलतोय).

पुढे कॅसेट आली तशी नवीन बुवांची चाल मूळ गाण्याशी तंतोतंत जुळायला लागली, इंट्रो म्युझिकसुद्धा पेटीवर. लोक टाळ्या वाजवतात. मी पण वाजवतो. पण दोन मंडळांनी एकाच महिन्यात एकच गाणं घेतलं तर आता दोन्ही सारखीच ऐकू येतात, तेव्हा नाय यायची.

आणि दुसरं, बारीत समोरच्या बुवाचं ऐकायचं असतं उत्तर द्यायला. त्यानं कुठे ठेका बदलला, कुठे झील चुकली, कुठला शब्द टाकला. तेव्हा कान असा काही उभा राहतो की बस. घरी प्लेलिस्ट ऐकताना समोर कोण असतो? कोणच नाय.

सूरपेटी
@बुवांचो_झीलकरी तुमची ती बुधवार ते शनिवारची गोष्ट मी आमच्या क्लासमध्ये सांगणार आहे, चालेल ना? 🙏

@टिंब हॅरिसनचं मान्य. पण त्यानं ते गाणं हिट असताना रेडिओवर किती वेळा ऐकलं असेल विचार करा. घट्ट बसलेलं सात वर्षांनी पण घट्टच निघतं. बुवांनी एकदाच ऐकलं होतं, तेही खरखरीतून.

टिंब
ठीक, अर्धा गुण तुम्हाला.

लिव्हरपूलकर
थोडं बाजूचं. इथे ब्रिटनमध्ये २०१९ मध्ये एक अभ्यास झाला होता, तीन शब्दांना जोडणारा चौथा शब्द शोधा अशी कोडी लोकांना दिली, काहींच्या मागे गाणी लावून, काहींना शांततेत. गाणी लावल्यावर कोडी कमी सुटली, मग ती ओळखीच्या शब्दांची असोत, परक्या भाषेतली असोत की नुसतं वाद्यसंगीत असो. लायब्ररीत असते तसल्या कुजबुजीनं मात्र फरक पडला नाही. आता शब्दांची कोडी सोडवणं म्हणजे चाल करणं नव्हे, त्यामुळे यावरून फार ताणू नका. पण कविता पाठ करताना मागे काही लावू नकोस एवढं मी नक्की म्हणेन, मला स्वतःला अनुभव आहे, शब्दांचा आपला एक हेलकावा असतो तो मागच्या ठेक्यात चेपला जातो.

अर्धी_ओळ
तीन आठवड्यांनी परत आलोय, ज्यांना उत्सुकता असेल त्यांच्यासाठी.

ॲप परत टाकलं पण ऑटोप्ले बंद केलं. दिवसाला एकच गाणं, घरी बसून, डोळे मिटून, फक्त एकदा, आणि नंतर वहीत लिहायचं काय काय वाजलं ते. पहिल्या दिवशी चार ओळी लिहून पेन थांबलं. आता पानभर होतं. एसटीत कानात काही नाही. पहिले चार दिवस जाम बोअर झालं, खोटं कशाला बोलू, शेजारच्यांच्या फोनवरचे रील सगळे माझ्या डोक्यात. मग एक दिवस लक्षात आलं की आमच्या गल्लीतनं लवकर निघालं की यंत्रमागांचा जो खटखटाट असतो त्यात दोन माग जरा पुढेमागे चालत असतात, कधी एकत्र येतात कधी सुटतात, जन्मापासून ऐकतोय पण ऐकलं कधीच नव्हतं. त्यावर कवितेची ओळ म्हणून बघितली, बसली नाही, मग एक शब्द ओढल्यावर बसली, सात मात्रांत, म्हणजे मी मोजल्यावर सात आल्या, ठरवून नाही.

मिक्सवाला दादा, तुम्ही सांगितलं तसं रात्री रेकॉर्ड करून सकाळी न ऐकता पेटीवर काढलं. अर्धं विसरलो होतो. जे विसरलो ते तसंही बरं नव्हतं बहुतेक.

बहिणीला ऐकवलं. म्हणाली, "कुठलं आहे हे?" म्हटलं माझं. म्हणाली, "मधे जरा रडकं आहे, पण ओळखीचं नाही वाटत."

मिक्सवाला_पुणे
क्लिप टाक. आणि मागाचं रेकॉर्डिंग फोननं करू नकोस, फाटेल, पुढच्या शनिवारी मी कोल्हापूरला येतोय, रेकॉर्डर घेऊन येतो.

बुवांचो_झीलकरी
रडका आसा तर गवळणीक चलात. चाल धाडून दी.