झेडएक्स स्पेक्ट्रम ४८के : कीबोर्डच्या लगतच्या पाच कळा बंद

प्रश्न
नमस्कार. माझ्याकडे सिंक्लेअर कंपनीचा रबरी कळांचा झेडएक्स स्पेक्ट्रम हा जुना घरगुती संगणक आहे. संगणक व्यवस्थित सुरू होतो, परंतु ए, एस, डी, एफ आणि जी या कळा चालत नाहीत. उरलेल्या ३५ कळा उत्तम चालतात. दोष मेम्ब्रेनमध्ये (कळांखालच्या, विद्युतवाहक पट्ट्या असलेल्या प्लास्टिकच्या पातळ थरांमध्ये) आहे की आतल्या सर्किट बोर्डावर, हे कसे ओळखावे? तसेच, डिलीटसाठी वेगळी कळ जोडता येईल का?

उत्तर १
नेमक्या याच पाच कळा बंद पडल्या, हे निदानाच्या दृष्टीने फार उपयोगाचे आहे. ४० कळांचे पाच-पाचचे आठ गट असून प्रत्येक गटाची एक वाहिनी आठ पट्ट्यांच्या फितीतून बोर्डावर येते आणि डायोडमार्गे (वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागातून) प्रोसेसरच्या ए८ ते ए१५ यांपैकी एका ॲड्रेस लाइनला मिळते; आपला गट ए९ वर आहे. पाच पट्ट्यांच्या फितीतील एखादी पट्टी तुटली असती, तर कीबोर्डभर विखुरलेल्या आठ कळा गेल्या असत्या. तेव्हा खालचे पाच स्क्रू काढून दोन्ही फिती सॉकेटमधून सरळ वर ओढून घ्याव्यात, संगणक सुरू करावा आणि आठच्या सॉकेटमधील ती वाहिनी पाचच्या सॉकेटमधील एकेका वाहिनीला वायरने क्षणभर जोडून पाहावी. पडद्यावर न्यू, सेव्ह, डिम असे बेसिक या संगणकीय भाषेचे शब्द किंवा नुसती अक्षरे उमटली, तर बोर्ड व डायोड ठीक आहेत आणि दोष मेम्ब्रेनचाच आहे.

उत्तर २
मेम्ब्रेनचे प्लास्टिक वयोमानाने कडक होते व फीत वाकते तिथेच पट्टीला चीर जाते. तिथे डाग देऊ नये, कारण प्लास्टिक वितळते. चीर अगदी टोकाशी असेल आणि फितीला पुरेशी ढील असेल, तर तेवढे टोक सरळ कापून पुन्हा बसवता येते. एरवी नवीन मेम्ब्रेनच घ्यावे. ते आजही तयार होते. खरी काळजी वरच्या धातूच्या पत्र्याची घ्यावी. तो दुतर्फी टेपने चिकटवलेला असतो; हेअर ड्रायरने बेताने गरम करून, कडेने प्लास्टिकचे पातळ कार्ड सरकवत तो सोडवावा, कारण एकदा पडलेली घडी पुन्हा पूर्णपणे जात नाही.

उत्तर ३
डिलीट म्हणजे कॅप्स शिफ्ट आणि शून्य या दोन कळा एकत्र दाबणे. त्यामुळे साधे एकपदरी बटण पुरणार नाही. एका दाबात दोन स्वतंत्र संपर्क जुळवणारे बटण घ्यावे लागेल. १९८४ च्या स्पेक्ट्रम प्लसमध्ये अशाच जादा कळांसाठी मेम्ब्रेनला अधिक थर दिले होते. मात्र बटणासाठी मूळ पेटीला भोक पाडू नये, असे माझे ठाम मत आहे. त्या दोन सॉकेटांच्याच वाहिन्यांवर चालणारा बाहेरचा कीबोर्ड करावा, म्हणजे हवे तेव्हा तो काढून मूळ कीबोर्ड पुन्हा जोडता येईल.