रेकॉर्डिंग प्रोजेक्ट: दोन्ही माइक सुरू केले की डग्गा गायब, 'ना' पोकळ

चौथं_सेम
ध्वनिमुद्रणाच्या पदवीचं दुसरं वर्ष. प्रोजेक्टमध्ये गायन, पेटी आणि तबला एकाच खोलीत एकत्र रेकॉर्ड करायचंय. २० मिनिटं, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. सगळे ट्रॅक, स्टिरिओ मिक्स आणि १५०० शब्दांचा अहवाल द्यायचा. खोली साधारण ५ बाय ४ मीटर.

तबल्यावर एसएम ५७ (डायनॅमिक माइक), १५ सेंमी उंचीवर. डग्ग्यावर छोटा कंडेन्सर माइक, २० सेंमीवर. गायक आणि पेटीला एकेक कंडेन्सर. तबल्या-डग्ग्याचे माइक वेगवेगळे ऐकले तर छान वाटतात. एकत्र ऐकले की डग्ग्याची घुमक जाते आणि 'ना' हा बोल पत्र्याच्या डब्यासारखा येतो. इक्यूवर (इक्वलायझर) १०० हर्ट्झ ६ डीबीने वाढवून पाहिलं, नुसता गढूळपणा वाढला. शिवाय अर्ध्या तासात तबला उतरतो. रीटेकसाठी स्टुडिओ एकदाच, ३ तास मिळणार आहे. आधी काय तपासू?

पॅचबे
तो इक्यू आधी काढा. दोन माइक एकमेकांना खोडतायत, ते इक्यूने भरून निघत नाही. आणि तुमच्या दोन तक्रारींची कारणं वेगळी आहेत, एकत्र शोधायला गेलात तर गोंधळ होईल.

'ना'चं कारण अंतर. तबल्याच्या पुडीपासून एक माइक १५ सेंमीवर, डग्ग्याचा माइक समजा ४५ सेंमीवर. फरक ३० सेंमी, म्हणजे दुसऱ्या माइकला आवाज ०.८७ मिलिसेकंद उशिरा पोचतो. त्यामुळे सुमारे ५७० हर्ट्झला दोन्ही आवाज एकमेकांना कापून पहिला खड्डा पडतो, मग १७०० ला, मग २८५० ला. 'ना'ची धार याच पट्ट्यात असते. तुम्ही म्हणाल, १५ आणि ४५ म्हणजे तीनास एकचा नियम (दुसरा माइक पहिल्याच्या तिप्पट लांब) पाळलाच की! कागदावर पाळलाय. दोन्ही गेन सारखे असते तर दुसऱ्या माइकमधला तबला साडेनऊ डीबीने खाली राहिला असता आणि खड्डा साडेतीन डीबीचाच पडला असता. पण डग्गा हळू वाटतो म्हणून त्याचा गेन किंवा फेडर चढवला की त्यातला तबलाही तेवढाच चढतो, आणि नियमाचा फायदा गेला.

डग्ग्याच्या घुमकेचं तसं नाही. १०० हर्ट्झच्या लाटेची लांबी ३.४ मीटर, तिथे ३० सेंमीने अर्धा डीबीसुद्धा जात नाही. तळ गायब होतो तेव्हा संशय पोलॅरिटीवर घ्यायचा, म्हणजे एका माइकचा सिग्नल उलटा, वरची लाट खाली अशी, येतोय का. एखाद्या एक्सएलआर केबलमध्ये २ आणि ३ नंबरच्या पिना उलट जोडल्या असतील, किंवा प्रीअँपवर (माइकचा सिग्नल वाढवणारं यंत्र) उलट्या पोलॅरिटीचं बटण दाबलेलं राहिलं असेल. डग्ग्यावर एकच खुला 'घे' मारून दोन्ही माइकवर रेकॉर्ड करा आणि लाट मोठी करून पाहा. पहिली हालचाल एका ट्रॅकवर वर आणि दुसऱ्यावर खाली असेल तर केबलींची अदलाबदल करून परत मारा. दोष केबलबरोबर सरकला तर केबल. नाही सरकला तर माइकही आपसांत बदला: माइकबरोबर गेला तर माइक, चॅनलवरच राहिला तर प्रीअँप. केबल काढण्याआधी चॅनल म्यूट, मग ४८ व्होल्ट (कंडेन्सरला लागणारा फँटम पुरवठा) बंद, काही सेकंद थांबा.

(ढोलकीला मात्र दोन्ही तोंडांना माइक लावले की पोलॅरिटी उलट येणं स्वाभाविक आहे. एक पुडी आत जाते तेव्हा दुसरी बाहेर येते. तिथे एक चॅनल उलटवून ऐका आणि भरीव वाटेल ते ठेवा.)

चौथं_सेम
केबलच निघाली, २-३ उलट. घुमक परत आली, धन्यवाद! 'ना'साठी डग्ग्याचा ट्रॅक सॉफ्टवेअरमध्ये ०.८७ मिलिसेकंद अलीकडे, म्हणजे लवकर वाजेल असा, ओढू का?

पॅचबे
नको. ४८ किलोहर्ट्झला ते साधारण ४२ सॅम्पल होतील आणि 'ना' जुळेलही. पण डग्ग्याचा आवाज त्याच्या स्वतःच्या माइकमध्ये आधीच लवकर पोचतो. तो ट्रॅक आणखी अलीकडे ओढलात की एसएम ५७ मधल्या डग्ग्याशी त्याचा फरक दुपटीला जाईल. एकाचं जुळवायचं आणि दुसऱ्याचं मोडायचं, असा सौदा आहे. त्यापेक्षा रीटेकला जोडीसमोर ४० ते ५० सेंमीवर, वरून तिरका असा एकच कंडेन्सर लावा आणि वादकालाच समतोल सांभाळू द्या. चांगला तबलजी तो सांभाळतोच.

काळी_चार
तबला उतरण्याचं बघू. कातडं दमट हवेत सैल पडतं, सूर खाली येतो. एसीने कोरडं झालं की चढतो. टेक घेताना एसीच्या आवाजासाठी तो बंद करता ना? मग हवा दमट होते आणि तबला उतरतो. एसी शक्य तितका आधी लावा, तबला उघडा करून खोलीत ठेवा, आणि गठ्ठे-गजरा (वादीखालचे लाकडी ठोकळे आणि पुडीची विणलेली कड) शेवटी, एसी बंद करून दहा मिनिटं झाल्यावर ठोका. २० मिनिटांचा एक टेक घेऊ नका. स्थायी, अंतरा, ताना असे तुकडे करा आणि प्रत्येकाआधी तानपुऱ्याशी सूर तपासा. दोन टेकमध्ये तबला पाव सुराने हलला तर एडिट जुळणार नाही.

बसवण्याबद्दल: कार्डिऑइड माइक पाठीमागून सगळ्यात कमी ऐकतो. गायकाचा माइक असा फिरवा की त्याची पाठ तबल्याकडे राहील. पेटीचा माइक सुरांच्या वर ४० सेंमीवर. भात्यासमोर नको, नाहीतर हवेचे फुत्कार आणि भात्याची खटखट येते. तानपुरा कान पूर्ण झाकणाऱ्या (क्लोज्ड-बॅक) हेडफोनमध्येच आणि हळू. एक कान उघडा ठेवणाऱ्या गायकाच्या माइकमध्ये तो हमखास शिरतो.

लॅबवाला
मार्क अहवालावर जातात, हे बहुतेकांना उशिरा कळतं. 'एसएम ५७ वापरला' याला मार्क नाहीत. 'दोन माइकमुळे ५७० हर्ट्झला खड्डा येत होता म्हणून एक माइक केला' याला आहेत. टेप लावून अंतरं मोजा, खोलीचा वरून नकाशा काढा, प्रीअँपचे गेन लिहून ठेवा. दोन माइकचा जुना टेक पुसू नका. मोनोमध्ये तो आणि नवा, दोन्हींचा २० सेकंदांचा नमुना जोडा.

लेव्हल सरासरी उणे १८ डीबीएफएस (शून्य म्हणजे डिजिटल कमाल), टोकं उणे १० ते उणे ६ च्या आसपास. २४ बिटला याहून चढवायची गरज नाही, आणि 'धा' कधी उसळेल सांगता येत नाही. मिक्सचं लाउडनेस टार्गेट ब्रीफमध्ये पाहा. उणे २३ एलयूएफएस (लाउडनेसचं एकक) प्रसारणाचं आहे, ते आपोआप धरू नका. ट्रू पीक (लाटेचं खरं टोक) उणे १ डीबीच्या वर नको.

जागा: एका मोनो ट्रॅकला मिनिटाला ८.६४ एमबी. तुमच्या तीन माइकना २० मिनिटांत ५२० एमबीच्या आसपास, तीन-चार टेक धरले तर २ जीबी. सगळे ट्रॅक एकाच शून्यापासून सुरू करून एक्सपोर्ट करा, नाहीतर तपासणाऱ्याच्या मशीनवर तबला गायकाच्या आधी वाजेल.