सल्ला हवा: आईला भावाचा जुना आयफोन द्यावा की नवा अँड्रॉइड घ्यावा?

इंदिरानगरची_लेक

नमस्कार मंडळी. आई ६९ वर्षांची, नाशिकरोडला राहते. बाबा प्रेसमध्ये होते, त्यामुळे तिचा सगळा गोतावळा तिकडेच. तिच्या अँड्रॉइडची बॅटरी आता दुपारपर्यंतही टिकत नाही. वापर म्हणाल तर फोन, व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल, यूट्यूबवर कीर्तनं आणि नातवाचे फोटो.

भाऊ नवा फोन घेतोय, तो त्याचा आयफोन ११ आईला देतो म्हणतोय. त्याचं म्हणणं, आयफोन मुळातच साधा, शिकवायचं काही कामच नाही. आमचे हे म्हणतात अँड्रॉइडच घे, हवा तसा लावून देता येतो. बजेट १५ ते १८ हजार.

खरी अडचण सांगते. चष्मा सावरताना आईचं बोट व्हॉट्सॲपवर तसंच टेकून राहतं. आयकॉन उचलला जातो, शेजारच्यावर जाऊन बसतो आणि दोघांचं फोल्डर होतं. मग मला फोन, "माझं व्हॉट्सॲप कुणी नेलं गं?" वर लॉक स्क्रीनवर कंपनी रोज नवे फोटो आणि बातम्या आणून टाकते, ते वेगळंच. काय करावं?

पंचवटीकर

फुकट मिळतोय तर घ्या की आयफोन! उरलेल्या पैशांत आईंना बरोबर घेऊन त्र्यंबकला जाऊन या.

दिंडोरीचा_माळी

ताई, आमच्या नानांना मी सॅमसंग घेऊन दिला आणि त्यात इझी मोड चालू केला. आयकॉन मोठे, अक्षरं मोठी, झकास. आठवडाभरात नानांनी शेजारच्या पोराकडून तो काढून घेतला. म्हणे, "पारावर चार माणसांत फोन काढला की लगेच दिसतं, म्हाताऱ्याचा फोन आहे." तेव्हा साधं करताना माणसाला कमीपणा वाटणार नाही एवढं बघा.

मी स्वतः मात्र फोन पार उलटापालटा करून ठेवलाय. बागेत फवारणीच्या दिवसांत हात ओले असतात, तेव्हा मेनूत शिरत बसायला वेळ नसतो. पहिल्याच पानावर हवामान, टॉर्च आणि औषध दुकानदाराचा डायरेक्ट डायल. बाकी पान रिकामं.

सातपूर_शिफ्ट

तुमचे बंधू आणि मिस्टर दोघंही जुन्या हिशेबावर भांडताहेत. २००७ चा पहिला आयफोन खरंच मुठीत बांधलेला होता. कॉपी-पेस्ट २००९ ला आलं, होम स्क्रीनला आपला फोटो लावायची सोय २०१० ला. होम स्क्रीनवर विजेट, म्हणजे हवामान-घड्याळ दाखवणारे छोटे चौकोन, २०२० ला, आणि मधे जागा सोडून आयकॉन कुठेही ठेवायची मुभा थेट २०२४ ला, आयफोनच्या सिस्टीमच्या म्हणजे आयओएसच्या १८ व्या आवृत्तीत. आता तिकडेही आयकॉनचे रंग बदलत बसणारी मंडळी आहेत. म्हणजे 'आयफोन म्हणजे साधा' हे आता डोळे झाकून म्हणण्यासारखं राहिलेलं नाही.

मी सातपूरला मशिन मेंटेनन्समध्ये आहे. आमच्या पॅनलवर ऑपरेटरला स्टार्ट, स्टॉप, रिसेट आणि पार्ट काउंट एवढंच दिसतं. पॅरामीटर सगळे आत, सेटरच्या पासवर्डमागे. मशिन तेच, पण मांडणी एकाने एकदा करायची आणि दुसऱ्याने रोज वापरायची. आईंचा फोन असाच हवा. सेटर तुम्ही, ऑपरेटर आई. भरपूर बदलता येणारा फोन वाईट नाही. ज्याला ते बदल नकोत त्याच्या बोटाखाली ते येतात, तिथे बिघडतं.

म्हणून माझी कसोटी एकच: मांडणी लावून कुलूप घालता येतं का? सॅमसंगमध्ये होम स्क्रीनच्या सेटिंगमध्ये लेआउट लॉक करायची सोय आहे. ते चालू केलं की बोट कितीही रेंगाळो, आयकॉन हलत नाही. शिवाय सेटिंगमधल्या ॲक्सेसिबिलिटीत 'टच अँड होल्ड डिले', म्हणजे बोट किती वेळ टेकलं की फोनने ते दाबून धरलं समजायचं तो वेळ, वाढवता येतो. ही सोय बहुतेक सगळ्या अँड्रॉइडमध्ये आहे, आजच आईंच्या जुन्या फोनवर करून बघा.

आयफोनमध्ये आयओएस १७ पासून असिस्टिव्ह ॲक्सेस आहे, तुमच्या ११ वर चालेल. निवडलेलीच ॲप मोठ्या चौकोनांत दिसतात आणि बाहेर पडायला पासकोड लागतो. पण मग फोन अगदीच अंगणवाडीतला दिसतो. नानांचा किस्सा वर आलाच आहे.

इंदिरानगरची_लेक

@सातपूर_शिफ्ट, टच अँड होल्ड लगेच वाढवलं, धन्यवाद दादा. पण असिस्टिव्ह ॲक्सेस न लावता साधा आयफोनच दिला तर? तिला चांगल्या कॅमेऱ्याची हौस आहे.

सातपूर_शिफ्ट

तर बॅकचं बटण जाईल, ताई. अँड्रॉइडवर कुठेही अडकलं की खालचं बॅक दाबायचं, ही सवय आईंच्या अंगठ्यात बसलेली असणार. आयफोनला तसं कायमचं बटण नाही. कधी वर डाव्या कोपऱ्यात बाण, कधी डाव्या कडेने बोट सरकवायचं, कधी वरचा पडदा खाली ओढायचा. होमचं बटणही ११ ला नाही. गंमत म्हणजे असिस्टिव्ह ॲक्सेसमध्ये ॲपलने स्वतःच खाली मोठं बॅक दिलंय. इतक्या वर्षांची सवय मोडून 'सोपा' फोन शिकायला लावण्यात काय हशील? कॅमेरा भावाला म्हणावं तुझ्याकडेच ठेव.

कॉलेजरोडवाला

असहमत. माझ्या मावशीने सत्तरीत आयफोन घेतला, मस्त चालवते. माणसं शिकतात हो. उगाच आई-वडिलांना ठोंब्या समजू नका.

सातपूर_शिफ्ट

शिकतात ना, कोण नाही म्हणतंय? मावशींनी हौसेने घेतला. इथे मुलगा देतोय. ताई, आईंना विचारलंत का?

इंदिरानगरची_लेक

विचारलं आत्ता. "मला माझाच फोन दुरुस्त करून दे" म्हणाली. 🙂 पण त्याला आता अपडेटही येत नाहीत आणि त्यावर तिचं बँकेचं ॲप आहे, म्हणून बदलतेच. अँड्रॉइड ठरला. एम. जी. रोडला जाऊन सॅमसंग बघते. आणखी काही?

दिंडोरीचा_माळी

आईंना घेऊन जा. हातात धरून बघू द्या, जड वाटला तर नको.

सातपूर_शिफ्ट

आधी जुन्या फोनच्या सगळ्या पानांचे स्क्रीनशॉट घ्या आणि नव्यावर आयकॉन त्याच जागी लावा. व्हॉट्सॲप खाली उजवीकडे असेल तर तिथेच. चित्र थोडं बदललं तरी चालतं, जागा बदलली की शोधाशोध. नव्या फोनवर नॅव्हिगेशन जेश्चरवर, म्हणजे बटणांऐवजी बोट सरकवण्यावर असेल तर तीन बटणांवर आणा. आणि सॅमसंगला बॅक उजवीकडे असतं, बऱ्याच कंपन्यांचं डावीकडे. डिस्प्ले, मग नॅव्हिगेशन बार, तिथे क्रम उलटवता येतो. आईंच्या फोनवर कुठल्या बाजूला आहे?

इंदिरानगरची_लेक

डावीकडे.

सातपूर_शिफ्ट

मग दुकानातच उलटवून घ्या, घरी येईपर्यंत थांबू नका. लेआउट लॉक मात्र सगळ्यात शेवटी.