लोकेशन लपवून डोंगर कसा वाचणार?
वर एकाने म्हटलंय की खास खडक आणि फॉसिल (दगडात जपले गेलेले जुन्या जीवांचे अवशेष) कुठे आहेत ती जागाच लोकांना सांगू नका म्हणजे खडक वाचतील. फॉसिलच्या छोट्या जागांना ठीक आहे ते, पण अख्खा कडा कुठे लपवणार? स्वित्झर्लंडच्या सारडोना भागात कड्यावर एक फिकट रेघ दिसते, पट्टी लावून ओढल्यासारखी, तिच्या वरचे खडक २५ ते ३० कोटी वर्षांचे आणि खालचे जेमतेम ३.५ ते ५ कोटी वर्षांचे, म्हणजे आल्प्स तयार होताना जुनं सरकत येऊन नव्याच्या डोक्यावर बसलंय. २००८ ला वर्ल्ड हेरिटेज झालं ते. आता ही रेघ लांबूनच नीट दिसते, मग व्ह्यूपॉइंट समोरच्या बाजूला करा ना, खडकाला कोणाचा हातही लागणार नाही.

फ्रान्समध्ये दीन्य गावाजवळ उलटं आहे, चुनखडकाच्या तिरक्या लादीवर दीड हजारच्या आसपास अमोनाइट (गोल वळणाच्या शंखाचे जुने समुद्री जीव) फॉसिल होऊन उघडे पडलेत, अगदी रस्त्याला लागून, जवळ जाऊन बघा पण उकरायला बंदी.

आणि युनेस्को खास खडकांच्या भागाला देते तो जिओपार्कचा टॅग मिळाला की काम झालं असं नाही हां, संरक्षण त्या त्या देशाच्या कायद्यानेच द्यावं लागतं. युनेस्कोची एक अट मात्र भारी आहे, पार्क चालवणाऱ्यांनी फॉसिल, मिनरल विकायचे नाहीत. बाकी बोर्डावर निबंध नको, कुठे बघायचं तेवढा बाण काढा.