जिगसाठी कास्टिंग रॉड: 7 फूट, 7 फूट 3 इंच की 7 फूट 6 इंच?

काठावरचा
बास माशासाठी फक्त जिग (वजनी डोक्याचा गळ) टाकायला एक कास्टिंग रॉड घ्यायचाय. सध्याचा 6 फूट 6 इंची, मीडियम पॉवरचा (पॉवर म्हणजे रॉडचा ताठपणा) आहे. स्पिनरबेटला (फिरत्या पात्याच्या आमिषाला) चालतो, पण 1/2 औंसाच्या जिगवर मासा लागला की हिसका देऊनही निम्मे सुटतात. जागा तीन प्रकारच्या: पाण्यात आडवी पडलेली झाडं, लाकडी धक्क्यांच्या खालची सावली आणि 15 ते 20 फूट खोलीवरचा दगडाळ उतार. कधी काठावरून, कधी बोटीतून. उंची 5 फूट 5 इंच. लाइन 15 पौंडी फ्लुरोकार्बन. शीर्षकातल्या तिन्हींपैकी कुठला?

तळठाव
मासे सुटतायत ते लांबीमुळे नाही, पॉवरमुळे. जिगचा गळ जाड तारेचा असतो, 4/0 किंवा 5/0 मापाचा, आणि टोकापुढे वीड गार्डचे (गळ गवतात अडकू नये म्हणून लावलेले) ताठ केस. आधी ते केस वाकायला हवेत, मग जाड तार जबड्यात शिरायला हवी. मीडियम रॉड अशा वेळी मधूनच वाकतो आणि तुमचा हिसका त्या वाकण्यातच जिरतो. मीडियम हेवी पॉवर, फास्ट ॲक्शन (फक्त टोकाकडे वाकणारा) हे आधी पक्कं करा, इंचांचं नंतर बघू. वीड गार्डचे केस गळाच्या टोकाच्या फार पुढे जात असतील तर टोकाच्या जरा वरपर्यंत ठेवून कापा, आणि फार दाट असतील तर चार-पाच केस मुळापासून काढा. एवढ्यानंही बराच फरक पडतो.

रॉडवर छापलेली वजनमर्यादा बघताना ट्रेलर (जिगच्या गळावर लावायचं प्लॅस्टिकचं आमिष) धरून हिशेब करा. 1/2 औंस म्हणजे 14 ग्रॅम, त्यावर 3 इंची प्लॅस्टिकचा खेकडा लावला की 18-19 ग्रॅमच्या घरात जातं. मर्यादा 5/8 औंसालाच संपत असेल, तर तो रॉड या जिगला कमी पडेल.

सरळफेक
आता लांबी. ती ठरते जिग किती लांब टाकायची आणि मासा कुठून बाहेर काढायचा यावर.

धक्क्याखाली जिग पाण्यावरून टप्पे घेत सरकवायची तर 6 फूट 8 इंच ते 7 फूट. फेक बाजूनं आणि पाण्याला अगदी लागून असते, लांब रॉडचं टोक पाण्यात आपटतं. जिग 3/8 औंसाची, ट्रेलर चपटा, आणि रीलचा ब्रेक नेहमीपेक्षा एक-दोन घर जास्त. पहिल्या टप्प्याला जिगचा वेग एकदम पडतो पण स्पूल (रीलमधली लाइन गुंडाळलेली फिरकी) फिरतच राहतो, गुंता तिथेच होतो.

दगडाळ उतारावर फुटबॉल जिग (आडव्या लंबगोल डोक्याची) ओढायला 7 फूट 3 ते 7 फूट 6 इंच. फेक लांब, लाइन भरपूर बाहेर, वर फ्लुरोकार्बन स्वतःही थोडी ताणली जाते. तिथे ढील चटकन उचलणं महत्त्वाचं.

दाट पाणवनस्पतीत भोक पाडून जिग सोडायची असेल तर 7 फूट 6 इंच, हेवी, 50 ते 65 पौंडी ब्रेड (विणलेली लाइन). कॅलिफोर्नियाचा मासेमार डी थॉमस यानं 1970च्या दशकात फ्लिपिंग (हातात लाइन धरून जवळच जिग अलगद सोडणं) लोकप्रिय केलं, आणि फेनविक या रॉड कंपनीनं त्यासाठी काढलेली फ्लिपिंग स्टिकही 7 फूट 6 इंचीच होती. तुमच्या यादीत अशी जागा नाही, म्हणून त्या लांबीचा मोह नको. पडलेल्या झाडांत पिचिंग (खालून झोका देऊन जिग टाकणं) करायला 7 फूट 3 पुरतो.

काठावरचा
पण रॉड लांब तितका हिसक्यात जोर जास्त, असंच सगळीकडे वाचलंय. मग 7 फूट 6 का नको?

तळठाव
दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होतायत. रॉड पाव वर्तुळात फिरवला, तर 6 इंच जास्त लांबीनं टोक साधारण 9 इंच जास्त प्रवास करतं. म्हणजे ढील जास्त उचलली जाते, हे खरं. पण जोर? तो उलट कमी होतो. मूठ तीच, हात तेच, आणि ज्या टोकाला मासा ओढतोय ते हातापासून आणखी लांब गेलं. म्हणूनच लांब जिग रॉड बहुधा हेवी पॉवरचे असतात. 20 फूट अंतरावर, ताणलेल्या लाइनवर 7 फूट आणि 7 फूट 6 मध्ये हिसक्याचा फरक जाणवणारही नाही. 80 फुटांवर जाणवेल.

हिसक्याआधी टोक खाली आणून ढील गोळा करा, रॉड घड्याळातल्या 10 च्या आकड्यापासून 12 पर्यंतच न्या. 9 पासून 2 पर्यंत नेलं की डोक्यामागे हात अडकतो आणि लाइन पुन्हा सैल पडते.

मूठभर
उंचीचा मुद्दा राहिला. 5 फूट 5 इंच उंचीला, काठावर पाण्याच्या पातळीला उभं राहून पिचिंग करताना 7 फूट 6 चं टोक खाली झुकवायला जागाच उरत नाही. जिग झोक्यात पाण्याला लागते. बोटीच्या उंच डेकवर हाच रॉड चालून जातो. बसून, कयाकमधून वगैरे मासेमारी होणार असेल तर 7 फुटांच्या वर जाऊच नका.

एकूण लांबीपेक्षा मागच्या मुठीची लांबी जास्त छळते, आणि ती कुणी मोजतच नाही. रीलच्या जागी हात ठेवून रॉड धरा, मुठीचं टोक कोपराच्या दोनेक बोटं पुढे यावं. त्याहून लांब असेल तर रॉडचं टोक खाली ठेवून जिग हलवताना मूठ बरगडीला लागते, पिचिंगला बाहीत अडकते. फारच आखूड असेल तर दोन हातांनी लांब फेक जमत नाही आणि टोक जड वाटतं. तोल बघताना स्वतःचं रील लावूनच बघा. नुसता रॉड हातात घेऊन काही कळत नाही.

सरळफेक
तर एकच घ्यायचा असेल आणि धक्के अधूनमधून असतील, तर 7 फूट 3, मीडियम हेवी, फास्ट, मर्यादा किमान 1 औंसापर्यंत. निम्मा वेळ धक्क्याखालीच जाणार असेल तर 7 फूट घ्या आणि उतारावरच्या फेकीत थोडं अंतर सोडा. झाडांत 15 पौंडी लाइन मात्र कमी आहे, तिथे 20 करा. आणि दर दोन-चार माशांनंतर गाठीवरची हातभर लाइन बोटांनी चाचपा, खरखरीत लागलं की कापून पुन्हा बांधा.

काठावरचा
धक्के चारात एकदा. 7 फूट 3 घेतो, मूठ मोजून.