खोलीला मालकाने कुलूप लावलं, मुलगा वाचनालयात झोपतोय. विभागाने काय करावं?

खंडवारोड_प्राध्यापक
बीएस्सी दुसऱ्या वर्षाचा मुलगा, मध्य प्रदेशातल्या बडवानीकडचा, अनुसूचित जमातीचा. भाडं थकलं म्हणून इथल्या, इंदूरच्या भंवरकुआं भागातल्या खोलीला मालकाने कुलूप ठोकलं, सामान आतच. वसतिगृहाची यादी लागून गेली. आम्ही वर्गणी काढू, पण महिन्याभराने पुन्हा तेच नको.

वॉर्डन_काका
वर्गणी लगेच खर्चू नका सर, नव्या खोलीच्या डिपॉझिटला ठेवा. यादी संपली म्हणजे खाटा संपल्या असं नसतं. प्रवेश घेऊन न आलेल्यांच्या खाटा कागदावर भरलेल्याच राहतात. विभागप्रमुखांच्या पत्रात ‘प्रवेश द्यावा’ असं नको. ‘अमुक तारखेपर्यंत तात्पुरतं ठेवावं, शुल्क विभाग भरेल’ असं लिहा. तारीख आणि पैसे कोण देणार हे नसेल तर वॉर्डन सही करत नाही, ऑडिटला उत्तर त्यालाच द्यावं लागतं.
अगदीच नाही जमलं तर नगर निगमचा रैनबसेरा (रात्र निवारा), तोही एक-दोन रात्रींपुरता. आधार जवळ हवं; लॅपटॉप आणि मूळ मार्कशीट विभागाच्या कपाटात ठेवा. मुलगी असेल तर महिलांची वेगळी सोय आहे का ते आधी विचारा. जेवायला दीनदयाळ रसोई हे सरकारी भोजन केंद्र आहे, ५ रुपयांत थाळी, पण रात्रीचं काय ते तुम्हालाच बघावं लागेल.

छात्रवृत्ती_खिडकी
त्याने आवास सहायता योजनेचा अर्ज भरलाय का? सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या, आपल्या गावाबाहेर भाड्याने राहणाऱ्या अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना इंदूरमध्ये महिना २००० रुपये मिळतात. अर्ज राज्य सरकारच्या एमपीटास (MPTAAS) पोर्टलवर, पडताळणी कॉलेजची.
अडतं ते ठरलेल्या ठिकाणी. समग्र आयडी (राज्याचा रहिवासी क्रमांक), आधार आणि मार्कशीटवरचं नाव जुळत नाही. जातीचा दाखला जुना, हस्तलिखित असतो, पोर्टलला डिजिटल लागतो. आणि सगळ्यात छळणारं: खातं आधारशी ‘लिंक’ असतं, पण डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, मॅप (जोडलेलं) नसतं. मुलाने मध्येच दुसरं खातं उघडून तिथे आधार जोडलं की पैसे तिकडे जातात आणि हा पहिलंच पासबुक घेऊन खिडकीवर उभा. बँकेत जाऊन ‘एनपीसीआय मॅपिंग कुठल्या खात्याला आहे’ एवढंच विचारावं.
मात्र हे पैसे दर महिन्याच्या १ तारखेला येत नाहीत, उशिराने एकरकमी येतात. त्यामुळे मधले महिने वर्गणीतून उसने द्या, रक्कम आली की परत घ्या. तोच निधी पुढच्या मुलाला उपयोगी पडतो.

जिल्हाकोर्ट_वकील
कुलपाबद्दल. स्वतंत्र खोली महिन्याच्या भाड्याने असेल आणि करार नसेल, तर मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२, कलम १०६ प्रमाणे १५ दिवसांची लेखी नोटीस लागते. पीजीतली (पेइंग गेस्ट) नुसती खाट बहुधा ‘परवाना’, म्हणजे भाडेकरार नव्हे तर फक्त राहायची परवानगी, धरली जाते, तिथे संरक्षण कमी. तरी सामान काढायला वाजवी वेळ द्यावाच लागतो. भाडं थकलं म्हणून पुस्तकं-कपडे अडकवून ठेवायचा हक्क मालकाला नाही.
ठाण्यात मात्र भाड्याचा वाद सांगू नका, ‘दिवाणी आहे’ म्हणून परत पाठवतील. अर्जात एकच मागणी ठेवा: सामान आणि कागदपत्रं काढू द्यावीत. यूपीआयने भाडं दिल्याच्या नोंदी जोडा.

खंडवारोड_प्राध्यापक
आभार. नवा मालक करार करायला तयार नाही, मग आवास सहायतेला पुरावा काय?

छात्रवृत्ती_खिडकी
मालक बहुधा टॅक्सला आणि पोलीस पडताळणीला घाबरतात. पडताळणीचा फॉर्म तुम्हीच भरून न्या, अर्धी भीती जाते. ११ महिन्यांचा करार असेल तर नोंदणीची सक्ती नाही, हेही सांगा. तरी नाही म्हणाला तर खोली बदला. डिपॉझिट देण्याआधीच हे विचारायचं.