अरबी: 'किताब'मधला शेवटचा बा सुटा का?

नवशिका
पुस्तकात प्रत्येक अक्षराची चार रूपं दिलीत: सुटं, सुरुवातीचं, मधलं, शेवटचं. 'किताब'मध्ये बा शेवटी येतो, पण छापलाय सुटा. छपाईची चूक आहे का? आणि २८ चोक ११२ आकार खरंच पाठ करायचे?

कलमदान
चूक नाही. रूप शब्दातल्या जागेवरून नाही, शेजाऱ्याशी असलेल्या जोडावरून ठरतं. अलिफ, दाल, झाल, रा, झाय, वाव ही सहा अक्षरं आधीच्या (म्हणजे उजवीकडच्या) अक्षराला जोडतात, पुढच्याला हात देत नाहीत. 'किताब'मध्ये काफ सुरुवातीचा, ता मधला, अलिफ शेवटचा. इथे साखळी तुटली. बा एकटाच उरला, म्हणून सुटा. 'दार'मध्ये दाल, अलिफ, रा तिन्ही सुटी. (अरबीत दार म्हणजे घर, आपल्या दाराला बाब म्हणतात!)

११२ काही होत नाहीत. या सहांना दोनच रूपं. शिवाय बा, ता, सा यांचं अंग एकच, फरक फक्त नुक्त्यांचा, म्हणजे ठिपक्यांचा.

नुक्तेवाला
खरी फसगत दात्यांत (दातासारख्या उभ्या टोकांत) होते. बा, ता, सा, नून, या ही पाचही सुरुवातीला आणि मध्ये आली की उरतो एक छोटा उभा दाता. 'बिंत' (मुलगी) आणि 'बैत' (घर) यांचा सांगाडा हुबेहूब सारखा: दोन दाते, शेवटी ताची पसरट वाटी. मधल्या दात्यावर एक नुक्ता असेल तर बिंत, खाली दोन असतील तर बैत. म्हणून आधी अख्खी साखळी हात न उचलता काढा, नुक्ते मग द्या. प्रत्येक अक्षराला थांबून नुक्ता देत गेलात तर जोडरेषा ठेचकाळते.

'ऐन' हे अक्षर मात्र वेगळं घोका. सुरुवातीला त्याचं तोंड उघडं असतं, मध्ये त्याची चपटी, बंद गाठ होते. घाईत तो मधल्या 'फा' अक्षरासारखा वाटतो, पण 'फा'च्या डोक्यावर नुक्ता असतो.

नवशिका
पटलं. मग 'सलाम'मधला मीमही सुटाच ना? आणि कीबोर्डवर सुरुवातीच्या बाची कळ कुठली?

कलमदान
हो, सुटाच. लामनंतर अलिफ आला की दोघांचं ठरावीक जोडाक्षर लिहावंच लागतं, पण पुढे हात न देण्याचा अलिफचा स्वभाव त्यातही टिकतो.

वेगळी कळ नसते. युनिकोडमध्ये (संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारी पद्धत) बा एकच, क्रमांक ०६२८. रूप फॉन्ट निवडतो. तक्त्यासाठी सुरुवातीचं रूप एकटं दाखवायचं असेल तर बानंतर शून्य-रुंदीचा जोडक (२००डी) टाका. तयार रूपांचा जुना संच युनिकोडमध्ये आहे, पण तो वापरू नका: दिसायला ठीक, शोधायला गेलात तर शब्द सापडत नाही.

नुक्तेवाला
पोस्टर करताना अक्षरं सुटी आणि उलट्या क्रमाने पडली, तर फॉन्टला दोष देण्याआधी सॉफ्टवेअरमध्ये मध्यपूर्वेच्या लिप्यांचा पर्याय चालू आहे का पाहा. अक्षरांमधलं अंतरही शून्यच ठेवा, नाहीतर जोड तुटू शकतात. शब्द लांबवायचाच असेल तर ततवील ही आडवी जोडरेषा घाला, पण अलिफ, दाल, रा, वाव मंडळींच्या पुढे नको.